ठाण्यात, नाक्यावर, गावात : पोलीस आणि दिव्यांग नागरिक
वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

या वेळची पत्रं विदर्भातल्या खेड्यांतून आली आहेत. काही दिव्यांग वाचकांची आहेत, काही त्यांच्या घरच्यांची, आणि बरीचशी पोलीस पाटील व अंमलदारांची. उत्तरं आमच्या सल्लागार मंडळातल्या कायद्याच्या आणि विशेष शिक्षणाच्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली जिथे नुसतं ‘संहिता’ म्हटलं आहे तिथे तीच समजावी.

प्रश्न : आमच्या गावातल्या एका बाईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शाळेत ती कधी गेली नाही. वावरात एकटी असताना एकाने तिच्यावर हात टाकला. भावजय तिला घेऊन ठाण्यात गेली, तर “बोलणारा कोणी आणा, हिचं आम्हाला समजत नाही” म्हणून दोघींना परत पाठवलं. पोलीस पाटील म्हणून मी काय करायला हवं होतं?
— पोलीस पाटील, यवतमाळ जिल्हा

दुभाषी आणण्याची जबाबदारी पोलिसांची आहे, त्या बाईची नाही. लैंगिक गुन्हा किंवा अ‍ॅसिड हल्ला झालेली व्यक्ती दिव्यांग असेल, तर संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तिची माहिती तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या सोयीच्या ठिकाणी नोंदवायची असते. ती दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या समक्ष नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. बाई फिर्यादी असल्यामुळे नोंदवणारी अधिकारी महिला हवी. पुढे कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो. तिथेही दुभाषी लागतो आणि चित्रीकरण होतं.

तुमचं काम त्याआधीचं. ११२ ला किंवा थेट ठाणेदारांना फोन करा आणि पाठोपाठ लेखी अहवाल द्या. त्या बाईला स्वतः खोदून विचारू नका. चार जणांनी चारदा विचारलं की तिच्या खुणा बदलत जातात, आणि बचावाचा वकील नेमका तोच फरक धरतो. अंगावरचे कपडे धुऊ देऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणाने बुरशी धरते आणि पुरावा जातो. बलात्काराची शंका असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत वैद्यकीय तपासणीला पाठवावं लागतं. दुभाषी आला नाही म्हणून ती तपासणी अडवून ठेवायची नाही. गावात बसून मिटवण्याची बैठक तर अजिबात घेऊ नका.

आता दुभाष्याचं. खरी अडचण इथेच येते, आणि ती कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. शाळेत न गेलेल्या बहिऱ्या माणसाला शहरातली भारतीय सांकेतिक भाषा येत नाही. त्याच्याकडे असतात घरच्या खुणा, आणि त्या आई, बहीण, भावजय यांनाच कळतात. जिल्ह्याहून आलेला प्रशिक्षित दुभाषीही पहिला तासभर चाचपडतो. म्हणून दोघं लागतात : एक घरच्या खुणा ओळखणारं माणूस आणि एक कर्णबधिर मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक. घरचं माणूस खुणेचा अर्थ सांगतं, शिक्षक तीच गोष्ट चित्राने किंवा वस्तूने पुन्हा विचारून अर्थ पडताळतो. मात्र आरोपी नात्यातला असेल, जमिनीचा वाद चालू असेल, किंवा ते माणूस स्वतः साक्षीदार असेल, तर त्याला दुभाषी बसवू नका. गावात तिची मैत्रीण असतेच, सोबत कापूस वेचायला जाणारी. बहुतेकदा तिला खुणा घरच्यांइतक्याच कळतात.

विशेष शिक्षक शोधायला नागपूर गाठावं लागत नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषी आणि विशेष शिक्षकांची नोंदवही ठेवायची असते. ती मुलांच्या प्रकरणांसाठी आहे, पण नावं तिथून मिळतात. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी नेमलेले शिक्षक असतात. जवळचं मूकबधिर विद्यालय आहेच. ठाणेदारांनी ही नावं आणि फोन नंबर गुन्हा घडायच्या आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लावून ठेवले, तर रात्री ११ वाजता शोधाशोध होत नाही.

जबाब घेताना बसायची जागा आधी पाहा. उजेड विचारणाऱ्याच्या तोंडावर पडला पाहिजे, पाठीमागून नको. दारातून ऊन येत असेल आणि तुम्ही दाराकडे पाठ करून बसलात, तर समोरच्याला तुमची फक्त काळी आकृती दिसते. कॅमेरा असा लावा की बाईचे दोन्ही हात, तिचा चेहरा आणि दुभाष्याचे हात एका चौकटीत येतील. नुसत्या चेहऱ्याचं चित्रीकरण निरुपयोगी आहे, कारण साक्ष हातात आहे. प्रश्न दुभाष्याकडे बघून “हिला विचार” असा टाकू नका. बाईकडे बघून विचारा, मग दुभाषी खूण करील.

“त्याने धरलं का?” असा प्रश्न टाळा. मान हलवणं म्हणजे होकार असं धरलं जातं, आणि बरेच बहिरे लोक “समजलं” या अर्थानेही मान हलवतात. “काय झालं?” असं विचारून थांबा. दिवस ठरवायला तारीख विचारून उपयोग नाही. बाजाराचा दिवस, सणाचा दिवस, वावरात त्या दिवशी चाललेलं काम यांवरून नक्की करा. पराटीची वेचणी होती की निंदण, हे ती हाताने करून दाखवते.

मग लिहिणं. “फिर्यादीने इशाऱ्याने सांगितले की आरोपीने वाईट हेतूने तिचा हात धरला” हे वाक्य कागदपत्रांत हमखास सापडतं, आणि कोर्टात उलटतपासणीत ते टिकत नाही. “वाईट हेतूने” ची खूण कोणती, असा प्रश्न येतो आणि सगळे गप्प बसतात. आधी खूण लिहा, मग अर्थ. उदाहरणार्थ : “फिर्यादीने उजव्या हाताचं बोट कपाळावर उभं ओढलं, नंतर दोन्ही मुठी गाडीचं हँडल धरल्यासारख्या फिरवल्या. दुभाषी : उभा गंध लावणारा ऑटोवाला.” असा जबाब लांबतो. लांबू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच धरली जाते, त्यामुळे मूळ खूण कागदावर असणं हीच तिची ताकद आहे.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे, मतिमंद आहे. एका प्रकरणात जबाबाला अधिकारी घरी आले. सगळं मलाच विचारलं, तिला एक शब्द विचारला नाही. वर म्हणाले, तिची बुद्धी ७ वर्षांची, म्हणून पोक्सो लागेल. हे बरोबर आहे का?
— एक आई, अमरावती जिल्हा

दोन्ही गोष्टी चुकल्या. पोक्सोसाठी वय जन्मतारखेवरून धरतात. बौद्धिक वय चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तुमच्या मुलीसाठी पोक्सो लागणार नाही. पण प्रकरण बलात्काराचं असेल, तर मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग स्त्रीवरचा बलात्कार भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) मध्ये जास्त गंभीर प्रकारांत मोडतो. त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आहे.

आणि साक्ष तिची आहे, तुमची नाही. तुम्ही शेजारी बसू शकता, तिच्या वतीने उत्तर देऊ नका. अधिकाऱ्याने साधे कपडे घालून यावं. वर्दी पाहिली की अशी मुलं एकतर गप्प होतात नाहीतर सगळ्याला “हो” म्हणतात. पहिल्या १० मिनिटांत गुन्ह्याचा विषय काढायचा नाही. घरात कोण कोण आहे, शेळीचं नाव काय, सकाळी काय खाल्लं, असं विचारलं की ती किती लांब वाक्य बोलते आणि कोणते शब्द वापरते ते कळतं. मग एका वाक्यात एकच प्रश्न. “तू तिथे गेलीस तेव्हा तो आला होता की नंतर आला आणि सोबत कोण होतं” या प्रश्नाला मोठी माणसंही गडबडतात. “हो” उत्तर आलं की थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा विचारून पाहा. दोन्हीला “हो” आलं तर प्रश्न चुकीचा होता असं समजा, मुलगी खोटी नाही. २० मिनिटांनी थांबा, पाणी द्या.

जबाबात ‘वेडसर’ लिहू नका. तिला नाव सांगता येतं का, माणसं ओळखता येतात का, पैसे मोजता येतात का, ते लिहा. न्यायाधीशांना त्याचाच उपयोग होतो.

प्रश्न : रात्रीच्या नाकाबंदीत शिट्टी मारली, टॉर्च दाखवला, तरी दुचाकीवाला थांबला नाही. पाठलाग करून थांबवला तेव्हा कळलं की त्याला ऐकू येत नाही. असा माणूस आधी ओळखायचा कसा?
— पोलीस अंमलदार, अकोला जिल्हा

बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून नाकाबंदीच सगळ्यांना दिसेल अशी लावायची. शिट्टीवर विसंबू नका. बॅरिकेड, त्यावर चमकणारी पट्टी आणि हातात हलणारा लाल दिवा ठेवा. टॉर्च डोळ्यांवर मारला की चालकाला समोर काहीच दिसत नाही, ना तुमचा हात ना वर्दी. टॉर्च स्वतःच्या हातावर आणि वर्दीवर धरा. नाकाबंदीत हा एकच बदल केला तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

थांबल्यावर तो कानाकडे बोट दाखवेल आणि लगेच खिशात हात घालेल, कार्ड किंवा मोबाईल काढायला. गडबड इथेच होते. दंडुका उगारण्याऐवजी एक पाऊल मागे घ्या, तळहात दाखवून “थांबा” ची खूण करा, मग खिशाकडे बोट दाखवून मान हलवा. लायसन्सची खूण दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढून होते. ओरडून बोलू नका. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि ओठ वाचणाऱ्याला उलट कळेनासं होतं. तोंडावर रुमाल असेल तर खाली घ्या. मोबाईलवर मराठीत टाईप करून दाखवा, पण वाक्य लहान ठेवा. जन्मतः बहिऱ्या माणसाचं लेखी मराठी कच्चं असू शकतं. “कागदपत्रे सादर करा” पेक्षा “लायसन्स दाखवा” बरं. मोबाईल काढून घेऊ नका, तोच त्याचा आवाज आहे. कर्णबधिर माणसाला वाहन परवाना मिळू शकतो, त्यामुळे “ऐकू येत नाही आणि गाडी कशी चालवतो” हा जाब विचारायचं कारण नाही.

मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आली तर चालकाला खाली उतरवून टेबलापर्यंत बोलावू नका. टेबलावरचं रजिस्टर घेऊन तुम्ही त्याच्याकडे जा. किल्ली काढू नका.

प्रश्न : मी तीनचाकी सायकल वापरतो. जबाबासाठी तालुक्याला तीनदा बोलावलं. ठाण्याला ४ पायऱ्या आहेत, उचलून नेतात. लाज वाटते. नाही म्हणता येतं का?
— वाशिम जिल्हा

येतं. संहितेच्या कलम १७९ प्रमाणे दिव्यांग साक्षीदाराला त्याच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. स्वतःहून जायची तयारी असेल तरच ठाण्यात जबाब होतो. एका साध्या कागदावर “मी दिव्यांग आहे, कलम १७९ प्रमाणे माझा जबाब घरी घ्यावा” असं लिहा, सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा युडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. तक्रार तुमची स्वतःची असेल तर ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मग ३ दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, आणि सहीला अंमलदार तुमच्याकडे येऊ शकतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

हे अंमलदारांसाठी. उचलायची वेळ आलीच तर आधी विचारा, आणि कसं धरायचं ते त्यांनाच सांगू द्या. व्हीलचेअर हातांच्या टेकूला किंवा पायाच्या पट्टीला धरून उचलू नका. त्या निखळतात, माणूस पुढे पडतो. मुख्य सांगाड्याला धरा. कुबड्या बाजूला नेऊन ठेवू नका, हाताला लागतील अशा ठेवा. बोलताना समोर खुर्ची ओढून बसा म्हणजे त्यांना मान वर करून बोलावं लागत नाही.

रॅम्पबद्दल एक हिशेब. उताराचं प्रमाण १ : १२ लागतं. १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प १.८० मीटर. अशा ४ पायऱ्या म्हणजे ६० सेंटिमीटर उंची, त्याला ७.२० मीटर लांबी लागते, मध्ये सपाट थांबा वेगळा, आणि रुंदी किमान १.२० मीटर. बऱ्याच सरकारी इमारतींत पायऱ्यांच्या कडेला २ मीटरचा उभा चढ सिमेंटने लिंपून ‘रॅम्प’ केलेला दिसतो. त्यावरून व्हीलचेअर मागे उलटते. तो मोटारसायकली चढवायला बरा पडतो, इतकंच. जागा नसेल तर तळाशी, सावलीत, एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवून फिर्याद घेतलेली परवडली.

प्रश्न : बसस्टँडवर एक अनोळखी माणूस अर्धनग्न फिरत होता, स्वतःशी बोलत होता, लोकांवर धावून जात होता. पोरं दगड मारत होती. आम्ही त्याच्याच भल्यासाठी रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं. वरिष्ठांनी हरकत घेतली. दुसरा काय पर्याय होता?
— सहायक पोलीस उपनिरीक्षक, चंद्रपूर जिल्हा

हेतू चांगला असला तरी हरकत रास्त आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. संरक्षणात घेणं हे तुमचं कर्तव्य आहेच. का घेतलं ते त्याला सांगायचं, आणि लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. थेट नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायची गरज नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर तपासतील आणि पुढे कुठे पाठवायचं ते ठरवतील. दाखल करण्यासारखं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तर त्याला घरी पोचवायचं, बेघर असेल तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात. बेवारस माणूस असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधण्याची जबाबदारी ठाण्याची.

जवळ जाताना आधी गर्दी पांगवा आणि मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना बाजूला करा. माणूस धावून जातो तो बहुतेक वेळा घेरला गेल्यामुळे. गाडीचा सायरन बंद ठेवा. बोलणारा एकच असावा, बाकीचे मागे. दोन हातांचं अंतर ठेवा, समोरासमोर छाती लावून उभं राहण्याऐवजी थोडं तिरकं राहा, आणि त्याला निघून जायला एक बाजू मोकळी दिसू द्या. स्वतःचं नाव सांगा. “मी पोलीस, चल गाडीत बस” पेक्षा “मी इथलाच आहे. पाणी पिणार का?” याने काम लवकर होतं. त्याला आवाज ऐकू येत असतील तर “असं काही नाही” म्हणून वाद घालू नका, “खरंच” म्हणून री पण ओढू नका. “तुम्ही घाबरलेले दिसता” एवढं पुरतं. उत्तराला वेळ लागतो, मनातल्या मनात १० पर्यंत मोजा. हात लावण्याआधी सांगा. दोरीने बांधू नका.

मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत असंबद्ध बोलणारा, कपडे काढणारा माणूस उष्माघाताचा असू शकतो. अंग तापलेलं असेल तर सावलीत घ्या, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला आणि तडक दवाखान्यात न्या. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली किंवा डोक्याला मार लागला तरी माणूस असाच वागतो, आणि दारू प्यायलाय असं सगळे म्हणतात. यातला कोणताही माणूस लॉकअपमध्ये सकाळपर्यंत टिकेलच याची खात्री नसते. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलाला सिकलसेल आहे. भांडणाच्या केसमध्ये त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. दुखायला लागलं तर “नाटक करतो” म्हणाले. दिसायला तो धडधाकट आहे.
— एक वडील, गडचिरोली जिल्हा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात तो इतका आढळतो की इथल्या प्रत्येक ठाणे अंमलदाराला त्याची लक्षणं माहीत असायला हवीत. या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार श्रम झाले की अडकणं वाढतं आणि हाडांत असह्य कळा येतात. फरशीवर बसवणं, पाणी न देणं, रात्री पांघरूण नसणं या तिन्ही गोष्टी तेच करतात.

म्हणून सतत पाणी द्या, अंगाखाली आणि अंगावर काहीतरी द्या, आणि रोजच्या गोळ्या चुकू देऊ नका. छातीत दुखणं, धाप लागणं, ताप येणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. अटक झाली असेल तर संहितेच्या कलम ५३ प्रमाणे लगेच वैद्यकीय तपासणी करायची असते आणि कलम ५६ प्रमाणे आरोपीच्या आरोग्याची काळजी ताब्यात ठेवणाऱ्यावर आहे. तुम्ही सिकलसेलच्या कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये आणि घरच्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. ठाण्यात गेल्याबरोबर तो दाखवा, आणि स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगा.

प्रश्न : चारित्र्य पडताळणीसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचे बोटांचे ठसे मशीन घेतच नाही. पूर्वी कुष्ठरोग झालेला आहे. शिपायांनी त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं.
— महिला अंमलदार, वर्धा जिल्हा

बरा झालेला कुष्ठरोग पसरत नाही. उपचार चालू असलेला माणूससुद्धा औषधं सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्ग देईनासा होतो. १९३६ पासून दत्तपूरला कुष्ठधाम असलेल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागू नये. त्यांना आत, सगळ्यांसोबत बसवा.

रेषा झिजल्यामुळे किंवा बोटं आखडल्यामुळे ठसा येत नाही. बोट काचेवर दाबून दाबून घेऊ नका. त्यांना दुखणार नाही, कारण बोटाला संवेदनाच नाही, पण कातडी फाटेल. “ठसे मिळण्याजोगे नाहीत, कारण :” असा शेरा मारून फोटो आणि ओळखपत्रावर काम पुढे न्या. याच कारणाने स्टीलच्या पेल्यात गरम चहा देऊ नका. हात भाजतो आणि त्यांना कळत नाही. अटकेत असेल तर बेडी घट्ट झाल्याचंही कळणार नाही, मनगट स्वतः तपासा. थ्रेशरमध्ये किंवा कडबाकुट्टीत हात गेलेल्यांच्या बाबतीतही सहीऐवजी पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा खूण साक्षीदारांसमक्ष घेता येते. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, तिथे हा खटाटोप कशाला.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे, आठवडी बाजारात अगरबत्ती विकतो. एकाने गल्ल्यातले पैसे हिसकले. आवाजावरून मी त्याला ओळखतो. ठाण्यात म्हणाले, “दिसलं नाही तर साक्ष कसली?”
— भंडारा जिल्हा

साक्ष पूर्ण चालते. २७ एप्रिल २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका अंध मुलीने आवाजावरून केलेली ओळख ग्राह्य धरली आणि दिव्यांग साक्षीदाराची साक्ष कमी प्रतीची मानू नये असं सांगितलं. ओळख परेड करायची असेल तर संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ती न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तुम्हाला सोयीच्या पद्धतीने आणि चित्रीकरणासह व्हायला हवी.

आवाजाच्या परेडमध्ये एक गफलत हमखास होते. आरोपी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला आणि बाकीचे सगळे शहरी मराठी बोलणारे अंमलदार असतात. मग आवाज ओळखावाच लागत नाही, बोलीवरूनच माणूस वेगळा पडतो. सगळे एकाच भागातले, साधारण एका वयाचे हवेत. सगळ्यांनी तेच वाक्य, तेवढ्याच अंतरावरून म्हणावं. फिर्यादीत “आवाजावरून ओळखले” एवढं लिहून थांबू नका. आधी कितीदा भेट झाली, बोलण्याची कोणती लकब आहे, अंगाला कसला वास होता, हिसकताना कोणता हात लागला, हे लिहून घ्यायला सांगा.

ठाण्यात कोणी तुम्हाला दंडाला धरून ओढत असेल तर “मी तुमचा कोपर धरतो, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला” असं सांगा. अंमलदारांनी खुर्चीत दाबून बसवू नये, अंध माणसाचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यावा. खोलीत कोण कोण आहे ते सांगावं आणि उठून जाताना “मी जातोय” म्हणावं, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. फिर्याद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. सहीच्या जागी एटीएम कार्डासारखं कडक कार्ड आडवं धरलं की त्याच्या कडेवर सही सरळ येते.

प्रश्न : पोलिसांनीच चारचौघांत व्यंगावरून बोलून अपमान केला, तक्रारही घेतली नाही, तर जायचं कुठे?
— बुलढाणा जिल्हा

तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. बलात्कार, विनयभंग किंवा अ‍ॅसिड हल्ल्यासारख्या गुन्ह्याची माहिती नोंदवून घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे त्या लोकसेवकाला ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

लोकांच्या नजरेसमोर, खाली दाखवण्याच्या हेतूने दिव्यांग माणसाचा अपमान करणं हा दिव्यांग अधिनियमाच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं आणि दंड. कुबडी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांचं मुद्दाम नुकसान करणं किंवा त्यांचा वापर अडवणं याच कलमात येतं. छळ किंवा शोषण होत असेल तर कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे खेड्यासाठी तहसीलदारांकडे, कोणीही माहिती देऊ शकतं. पीडित व्यक्तीनेच जायला हवं असं नाही. ही तक्रार पोलिसांकडे आली तर तहसीलदारांकडे अर्ज करण्याचा हक्क, जवळच्या पुनर्वसन संस्थेची माहिती आणि मोफत वकिलाचा हक्क सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती, किंवा १५१०० ला फोन. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही लेखी तक्रार जाते.

प्रत्येक अर्जावर तारीख, वेळ, ठिकाण आणि अंमलदाराच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहा. अपमानाचे शब्द जसेच्या तसे लिहा, “अपशब्द वापरले” असं मोघम नको. त्या वेळी तिथे असलेल्या दोघांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. रजिस्टर पोस्टाची पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.